मिशीतलं सोनं

आमच्या घरी दागिने घडवायला सोनार बसायचा, तेव्हा त्याच्या हातांपेक्षा त्याच्या मिशीवर जास्त पहारा असायचा. मिशीच तशी होती. दोन्ही गालांवरून वर चढलेली, टोकांना पीळ दिलेली, आणि इतकी दाट की आमच्या आत्याच्या मते तिच्यात एखादी पाटली सहज लपली असती.

आता तुम्ही म्हणाल, सोनार घरी कशाला बसवायचा? तेव्हा सोलापुरात आमच्यासारख्या घरांत रीतच ती होती. सोनं त्याच्या दुकानात सोडून यायचं नाही. चांगला दिवस बघून सोनारालाच घरी बोलवायचं, त्याच्या शेगडीला हळदकुंकू वाहायचं, त्याला पडवीत बसवायचं, आणि घरातलं एक खमकं माणूस त्याच्यासमोर राखणीला बसवायचं. संध्याकाळी उठताना सोनाराने धोतर झटकायचं, हात घंगाळात धुवायचे, आणि ते पाणीसुद्धा लगेच ओतायचं नाही, गाळ खाली बसू द्यायचा.

आमच्याकडे राखणीला आत्या. बाबांची धाकटी बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. आई गेल्यावर आमचं घर तिच्याच हातात आलं होतं. हातात जपमाळ, डोळे सोनाराच्या चिमट्यावर. जप कुठल्या देवाचा चालायचा ते त्या देवालाच ठाऊक, पण सोन्याचा कण कुठे उडाला की माळ थांबायची. धोतर, हात, नखं एवढ्यावर तिचं भागत नसे. ती पाटावर पांढरा कागद पसरायची, शेजारी लाकडी फणी ठेवायची आणि म्हणायची, "सोनारबुवा, मिशी."

"घ्या आत्याबाई," असं म्हणून तो भला माणूस कागदावर वाकून मिशी विंचरायचा. आत्या कागद उजेडाकडे तिरपा धरून बघायची. इतक्या वर्षांत त्या मिशीतून सोनं कधी पडलं नाही. तपकीर पडायची. एकदा शेंगाचटणीचा कण पडला. आत्याने तो बराच वेळ निरखला आणि म्हणाली, "घरात तिखट जरा कमी करायला सांगा."

त्याचं नाव मी सांगणार नाही. त्याची नातवंडं अजून त्याच धंद्यात आहेत आणि आपला आजा वेडा होता हे त्यांना गिऱ्हाइकांसमोर नको असतं. मी त्याला सोनारमामा म्हणायची. तो मला राजकन्येबाई म्हणायचा. मी काळी, ठेंगणी, दात पुढे. पण तो गावातल्या झाडून सगळ्या पोरींना राजकन्येबाईच म्हणायचा, त्यामुळे मला कधी चिडवल्यासारखं वाटलं नाही.

त्याचं खूळ असं. दागिना करायचा म्हटलं की लोक काय सांगतात? शेजारणीसारखी ठुशी करा, पण तिच्याहून दोन मणी जास्त घाला. हा माणूस ते कानावरच घ्यायचा नाही. समोर बसकण मारायचा, तपकिरीची डबी काढायचा आणि विचारायचा, "कोन राजकन्या?"

म्हणजे कुठल्या गोष्टीतली राजकन्या, असं. त्याच्या मते जगातले सगळे खरे दागिने गोष्टीतल्या राजकन्यांचे. बाकीच्या बायका त्यांची नक्कल घालतात. तेव्हा आधी राजकन्या ठरवायची, तिच्यावर काय वेळ आली ते नीट समजून घ्यायचं, आणि मग तिला कुठला दागिना सोसेल ते बघायचं. "राजकन्या आदी, माप मागनं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि त्याचा सगळा राग गोष्टी सांगणाऱ्यांवर. "नखशिखांत मढलेली म्हनत्यात! आवो, कशानं मढलेली? राक्षसाच्या वाड्यात बारा वर्सं ऱ्हायली, मंग तितं कडी तुटली तर डाग लावून सांदत कोन हुतं? राक्षस? ह्ये कोन सांगत न्हाय."

एकदा देवळात पोथी चालू होती. बुवा रंगात आले होते. राजकन्या हातात माळ घेऊन स्वयंवराच्या मंडपात आली, पायी जोडवी रुणझुणत होती, असं त्यांनी म्हणायला आणि मागच्या खांबाशी हा उभा राहायला एकच गाठ पडली.

"ओ बुवा! सैंवराला आलीया म्हंजे लगीन व्हायचंय की तिचं! जोडवी कुटनं आली पायात?"

बायकांमध्ये खसखस पिकली. बुवा गडबडून म्हणाले, "आईची घातली असतील."

"आईची? आईचा नवरा जित्ता असताना ती कशाला काढून देईल? पैंजण म्हना की सरळ. सोन्याचांदीचं काम हाय, तोंडाला यील ते म्हनू नगा."

पुढच्या वर्षी तेच बुवा तीच पोथी घेऊन आले, तेव्हा त्यांची राजकन्या अंगावर फुटका मणी नसलेली अशी मंडपात आली. तरी बुवा खांबाकडे बघतच होते.

आमच्या गल्लीत एक वकीलीणबाई होत्या. त्यांना हसताना कोणी बघितलं नव्हतं. त्यांनी नथ करायला सांगितली. "कोन राजकन्या?" विचारल्यावर त्या नुसत्या बघत राहिल्या, म्हणून सोनारमामाने आपणच ठरवलं: कधी न हसणारी राजकन्या. त्याने नथीचे मोती असे सैल ओवले की नुसता श्वास टाकला तरी ती थरथरावी. पहिल्याच हळदीकुंकवाला बाई रागावून काही बोलायला गेल्या, तर नथच आधी नाचायला लागली. कोणी तरी फिसकन हसलं. बाईंनी नाकाकडे तिरळं बघितलं आणि त्याही हसल्या. मग काय, थांबेचनात. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब कोट चढवून तक्रार घेऊन गेले म्हणे, की नथ घट्ट करून द्या, घरात मला कोणी भीत नाही.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. पण आईच्या पाटल्यांचं सांगते, मग तुम्हाला कळेल की खुळ्या माणसाच्या हातात काय होतं.

आई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पाटल्या यानेच घडवल्या. आईला डाव्या हातावर गाल टेकून झोपायची सवय. तिने लाजत लाजत सांगितलं की माहेरची बांगडी गालाला रुतते, सकाळी वळ उठलेला असतो, सासूबाई बघतात. हा एकदम खूश. "मंग झोपलेली राजकन्या!" त्याने त्या पाटल्या आतून-बाहेरून अशा गुळगुळीत केल्या, कडा अशा मोडल्या की त्यांच्यावर डोकं ठेवून बारा वर्षं झोपलं तरी वळ उठायचा नाही. मी लहानपणी आईजवळ झोपायची तेव्हा आई एक हात माझ्याही गालाखाली द्यायची. ते गार, मऊ सोनं मला अजून आठवतं. आई गेली तेव्हा मी दहाएक वर्षांची होते. तिचा चेहरा आता धूसर झाला, पण ती पाटली गालाला अजून लागते. खोटं कशाला सांगू, लिहिताना डोळ्यांत पाणी आलं.

असो. आता माझ्या लग्नाचं.

सन तीसनंतरची एक-दोन वर्षं झाली असतील. मी सोळा वर्षांची, फायनलच्या, म्हणजे मराठी सातवीच्या वर्गात. शाळेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, पास झालीस तर तुला मास्तरीण करते. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मला फळा, खडू आणि समोर बसलेल्या पोरी रात्रंदिवस दिसायच्या. आणि नेमकं तेव्हाच बाबांनी मैंदर्गीचं स्थळ ठरवलं.

बाबा मिलच्या ऑफिसात कारकून होते. स्वभावाने गरीब, पण एकदा शब्द दिला की संपलं. स्थळ म्हणजे धान्याची अडत असलेला गृहस्थ, वय चाळिशीकडे झुकलेलं, पहिली बायको वारलेली. तिची मुलगी माझ्याहून थोडीशी लहान. म्हणजे करवली घरातलीच मिळत होती, तेवढीच सोय. त्यांचं मागणं एकच होतं, मुलीच्या अंगावर नव्या घडणीचे दागिने पाहिजेत. आणि तिथी धरली ती परीक्षेच्या आधीची.

मी बाबांना म्हटलं, "बाबा, निदान परीक्षा होऊ दे की."

बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "तिकडे गेल्यावर दे."

तिकडे कोण घेणार होतं माझी परीक्षा? अडतीवरचे हमाल?

मग मी आत्याकडे गेले. मीठमिरचीपासून मोलकरणीपर्यंत घरात तिचा शब्द चाले. तिला स्वतःलाही लहान असताना बिजवरालाच दिलेलं. मला वाटलं, ही तरी बोलेल. ती म्हणाली, "पुरुषांनी शब्द दिलाय. आपल्याला कोण विचारतंय? जा, तो पितळेचा गडू घासून ठेव." मी तो गडू इतका रागारागाने घासला की त्यात माझं रडकं तोंड लख्ख दिसायला लागलं.

दागिने नवे करायचे तर सोनं कुठून आणायचं? बाबांनी आईच्या पाटल्या आणि ठुशी काढली. मोडून नव्या घडणीचं करायचं ठरलं. चांगला दिवस बघून सोनारमामाला बोलावलं, शेगडीला हळदकुंकू वाहिलं, आणि बाबांनी आईचे दागिने त्याच्या ओंजळीत ठेवले. तो पाटली बोटांत फिरवत बसला. "कोन राजकन्या" हेसुद्धा विचारलं नाही. आईच्या पाटल्या वितळायला मुशीत जाताना बघवणार नाहीत म्हणून मी पुस्तकं उचलली आणि शाळेत गेले, आणि मुद्दाम उशिरा परत आले. आले तेव्हा पडवीत धुपाचा वास भरून राहिला होता आणि मुशीत काही तरी पिवळं लकलकत होतं. मी तशीच आत जाऊन पांघरूण डोक्यावरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याने मला हाक मारली. "राजकन्येबाई, तुमची गोष्ट कुटली? सांगा, तशी ठुशी करतो."

मी फणकाऱ्याने म्हटलं, "मला कसली गोष्ट? मी कोंडलेली आहे."

"झ्याक!" तो म्हणाला. "कोंडलेली राजकन्या." आणि फुंकणी तोंडाला लावली.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला काही नावच नाही. ठुशी तयार व्हायची. चांगली दिसायची. आणि सोनारमामा ती हातात घेऊन मान हलवायचा, "न्हाय. ह्यात खिडकी न्हाय. कोंडली म्हंजे निदान खिडकी पायजे की." आणि पुन्हा मुशीत! मग खिडकीची नक्षी यायची. मग खिडकीला गज नाहीत म्हणून मोड. मग गज फार जवळजवळ झाले, राजकन्येचा जीव घुसमटेल, म्हणून मोड. फुंकणीच्या वाऱ्याने ज्योत मोठी व्हायची, कधी तर हिरवट दिसायची, पांढरा धूर उठायचा, आणि आत्या खोकत खोकत आणखी धूप घालायची. "या सोनाराच्या पायगुणाने घरात डास फार झालेत," म्हणायची.

मिलचा भोंगा झाला की बाबा घरी यायचे आणि पायातली वहाण काढायच्या आधी विचारायचे, "झाली का?"

"झाली हुती साहेब. मोडली."

बाबा डोक्याला हात लावून बसायचे. दुसरा सोनार आणावा, तर अख्ख्या सराफकट्ट्यात कोणी दुसऱ्याच्या हातचं अर्धवट काम उचलत नसे. त्यांच्यात ते अपशकुनाचं. आणि आत्या! ती रोज संध्याकाळी सोनारमामावर तोंडसुख घ्यायची. "अहो, पोरीचं लग्न आहे का तुमचा पोरखेळ आहे? उठा आता. हात धुवा. मिशी." तो निमूटपणे विंचरायचा. ती पहिल्यापेक्षाही जास्त बारकाईने कागद बघायची.

त्याच दिवसांत आणखी एक भानगड झाली. तो पितळेचा गडू नाहीसा झाला. आत्याने ठरवून टाकलं की मीच तो विहिरीवर विसरले. जाता येता तेच. "लक्ष कुठे असतं हिचं? आज गडू विसरली, उद्या नवरा विसरेल!" मी शपथा घेतल्या, रडले, पण काही उपयोग नाही. गणितं सोडवता सोडवता मला त्या गडूची बोलणी खावी लागत होती.

पहिली तिथी गेली. बाबांनी मैंदर्गीला माफी मागून दुसरी तिथी धरली, तीही परीक्षेच्या आधीचीच. तेव्हा नवऱ्यामुलाचे मामा स्वतः बघायला आले.

मामा म्हणजे उंच फेटा, खांद्यावर उपरणं आणि कोटाच्या खिशात कसोटीचा काळा दगड. धान्याच्या पोत्यात हात घालून दाणा चावून बघणारा माणूस. सोनंही तसंच घासून बघायचा. बाबांनी गादी घातली, चहा मागवला. मामांनी चहा बशीत ओतला आणि दगड काढून गादीवर ठेवला. "मला काय कळत न्हाय बगा," ते म्हणाले. "ह्या दगडाला कळतं. कुटं हाय ठुशी?"

मी दाराआड होते. ठुशी नेमकी तयार होऊन सोनारमामाच्या समोर पडली होती. आत्याची माळ थांबली. मला वाटलं, झालं, आता ही घासतात, बरोबर भरते, आणि मी जाते मैंदर्गीला. परीक्षेला थोडेच दिवस राहिले होते.

सोनारमामाने ठुशी उचलली, पण हात पुढे केला नाही. "मामा, दाखवतो की. पर आदी ऐका, ही कुनाची हाय."

"कुनाची म्हंजे? आमच्या सुनंची."

"ती मागनं. आदी ही कोंडलेल्या राजकन्येची." आणि त्याने सरळ गोष्टच सुरू केली. एक राजा होता, त्याची एकुलती एक मुलगी होती, तिला एका राक्षसाने डोंगरावरच्या वाड्यात कोंडलं. वाड्याला दार नाही, जिना नाही, एकच खिडकी. बाबा घसा खाकरत होते, खुणा करत होते. पण मामा! मामांच्या बशीतला चहा गार झाला. ते पुढे सरकले. "मंग फुडं?"

"फुडं काय, राजाचा पोरगा आला घोड्यावरनं. खिडकीत बगतो तर राजकन्या. गळ्यात ही ठुशी, ऊन पडलंया, लखलख लखलख..."

"अय्यय्यो, थांबा!" मामांनी हात वर केला. हिशेबी माणूस, त्यांना राहवेना. "दार न्हाय म्हनता, जिना न्हाय म्हनता. मंग कोंडल्यावर तिला ठुशी कुनी दिली? सोनार कुटनं गेला आत?"

सोनारमामाने मामांकडे बघितलं. मग ठुशीकडे बघितलं. आणि काडकन कपाळावर हात मारून घेतला.

"मामा! तुमी माजं गुरू! आयुष्यभर मी लोकांना ह्येच इचारत आलो, आन् माजीच गोष्ट खोटी निगाली! कोंडलेल्या राजकन्येला लग्नाची ठुशी मिळंलच कशी? आदी तिला बाहीर काडाय पायजे!" आणि मामांचा हात पुढे येतो न येतो तोच ठुशी मुशीत! फुंकणी तोंडाला! हिरवी ज्योत भसकन वर आली, आत्याने मूठभर धूप शेगडीत टाकला, आणि त्या धुरात मामांचा फेटासुद्धा दिसेनासा झाला.

"बेडा! बेडा! नको आमाला!" मामा खोकत उठले. "आवो साहेब, सोनार येडा हाय ते दिसतंयच, पर त्याला घरात बसवून गोष्टी ऐकनारं घर लई येडं!" स्वतःही ऐकत होते हे ते विसरले. दगड खिशात घातला आणि तरातरा गेले. आठवड्याच्या आत मैंदर्गीहून निरोप आला की आम्ही दुसरीकडे जमवलं.

बाबांना मी जन्मात पहिल्यांदा ओरडताना बघितलं. "माझ्या पोरीचं लग्न मोडलंत तुम्ही! परत या घराची पायरी चढू नका!" सोनारमामा मान खाली घालून उभा होता. आत्या तर त्याच्यावर बाबांपेक्षा मोठ्याने बरसत होती. "चला, आटपा! सोनं मी मोजून घेतलंय, दादा, त्याची काळजी नको. उचला तुमची शेगडी! आणि जायच्या आधी, मिशी!"

एवढ्या सगळ्यात त्याने तीही झटकली. मला त्याची इतकी दया आली की विचारू नका. गावभर झालं की त्याच्या खुळापायी एका मुलीचं लग्न मोडलं. कितीतरी घरांनी त्याला बोलवायचं बंद केलं. वकीलीणबाई तेवढ्या त्याच्या बाजूने भांडायच्या, पण त्या नथ घालून भांडायच्या, त्यामुळे ऐकणारे हसायलाच लागायचे.

मी परीक्षेला बसले. दुसरं करणार काय? लग्न लगेच जमत नव्हतं, तेव्हा बाबांनी जाऊ दिलं. निकाल लागला. मी पास झाले. पेढे देवापुढे ठेवले आणि आत्याला नमस्कार करायला गेले, तर तिने मला हाताला धरून कोठीच्या खोलीत नेलं, दार लोटलं, आणि तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. एक फडकं बाहेर आलं. फडक्यात आईच्या पाटल्या. आईची ठुशी. जशीच्या तशी.

मी पाटली गालाला लावून बघितली. "मग तो काय वितळवत होता?"

आत्या माझ्याकडे न बघता तांदूळ सारखे करत म्हणाली, "गडू."

"काय?"

"पितळेचा गडू. तूच घासून लख्ख केला होतास की." मग तिने सांगितलं. पहिल्या दिवशी बाबा मिलला गेल्यावर सोनारमामा तिला म्हणाला होता, "आत्याबाई, ही झोपलेली राजकन्या माज्या हातनं घडली. हिला मोडाय माजा हात उठत न्हाय." आत्या म्हणाली, "मग उठवू नका." एवढंच बोलणं. मग तिने आत जाऊन गडू आणला. "तुझ्या बापाच्या तोंडावर नाही म्हणायची माझी छाती नव्हती गं. मला कोणी वाचवलं नाही. म्हटलं, हिला तरी..." मी तिच्या गळ्यात पडले आणि दोघी रडलो. मग एकदम माझ्या डोक्यात आलं.

"म्हणजे रोज संध्याकाळी तू त्याच्या मिशीतून पितळ झटकून घेत होतीस?"

"मग? सोडून दिलं असतं तर दादाला संशय नसता आला?" आत्या डोळे पुसत म्हणाली. "आणि पितळ झालं म्हणून काय झालं? घरचंच होतं ना."

बाबांना हे कधीच कळलं नाही असं आत्या शेवटपर्यंत म्हणायची. मला काही तसं वाटत नाही. माझ्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी बाबा मिलमधून येताना पितळेचा एक नवा कोरा गडू घेऊन आले, तो आत्याच्या पुढ्यात ठेवला, आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

मी मास्तरीण झाले. चार-पाच वर्षांनी माझं लग्नही ठरलं, माझ्या मर्जीने, शेजारच्याच शाळेतल्या एका मास्तरांशी. आईचे दागिने मोडायचे नव्हते. तेव्हा आत्याने ट्रंकेच्या तळातून स्वतःचं सोनं काढलं. विधवा झाली त्या दिवशी अंगावरून उतरवलेलं. इतकी वर्षं तिने ते उघडून बघितलं नव्हतं. "घडवायला त्यालाच बोलवा," ती म्हणाली. बाबांनी मान डोलावली.

मी सोनारमामाला भेटायला गेले तेव्हा त्याने तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "मामा, मला फळ्यावर लिहायचं असतं. उजव्या हातातला दागिना फळ्यावर आपटतो."

तो विचारात पडला. "अशी राजकन्या तर कुटल्याच गोष्टीत न्हाय."

"मग?"

"मग काय. गोष्ट नवी करू की."

ठरल्या दिवशी सकाळी आत्याने पडवी सारवली, पाट मांडला, कागद पसरला, फणी ठेवली. सोनारमामा शेगडी घेऊन दारात आला आणि आत्याच्या हातातली माळ खाली पडली. त्याची मिशी नव्हती. साफ उतरवलेली. ओठाच्या वरची गोरी पट्टी उघडी पडलेली, तोंड परक्या माणसाचं दिसत होतं. आमच्यात मिशी उतरवतात ती घरातलं वडीलधारं माणूस गेलं तरच.

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "सोनारबुवा, कोण गेलं?"

"कोन न्हाय गेलं, आत्याबाई." त्याने शेगडी खाली ठेवली. "त्या येळी पितळ हुतं. मिशीत एकादा कन ऱ्हायला तरी पितळंचाच. ह्या येळी सोनं तुमच्या अंगावरचं हाय. एक कन बी माज्याबरं जाया नगं."

आत्याने पाटावरचा कागद उचलला, फणी उचलली, आत नेऊन ठेवली, आणि परत येऊन जप करत बसली. त्या दिवशी तिचे डोळे चिमट्यावर नव्हते. ते मिटलेलेच होते.

संध्याकाळी त्याने हात धुतले, धोतर झटकलं, आणि सवयीने पाटावर वाकला. कागद नव्हता. तो तसाच वाकलेला राहिला, काय करावं ते न सुचून.

"उठा," आत्या म्हणाली. "आणि ती मिशी परत वाढवा. मला बघवत नाही."